अंधारातील साक्ष : हिमबिबट्याच्या छायाचित्रांची कथा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वैशाखाच्या उकाड्यात उणे तीस अंश तापमानाविषयी बोलायला उभा राहणारा वक्ता श्रोत्यांना निदान कल्पनेचा तरी गारवा देतो. परंतु आजचा विषय गारव्यासाठी निवडलेला नाही. हिमालयाच्या निर्जन कड्यांवर, मध्यरात्री, बर्फ पडत असताना एका लाजऱ्या प्राण्याचे छायाचित्र घेतले जाते. ते आपण एखाद्या दिनदर्शिकेवर पाहतो, 'वा!' म्हणतो आणि पान उलटतो. त्या एका चित्रामागे किती श्रम, किती शास्त्र आणि किती माणसांचा संयम उभा आहे, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. शिवाय हे चित्र केवळ शोभेचे नसून तो एक पुरावा आहे. त्या पुराव्यावर एका प्राणिजातीचे आणि तिच्या शेजारी राहणाऱ्या मेंढपाळांचे भवितव्य अवलंबून आहे.

३० जानेवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने भारतातील हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध गणना प्रसिद्ध केली. संख्या निघाली ७१८. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये, १२४ उत्तराखंडात, ५१ हिमाचल प्रदेशात, ३६ अरुणाचल प्रदेशात, २१ सिक्कीममध्ये आणि ९ जम्मू-काश्मीरमध्ये. स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तरहून अधिक वर्षे आपल्या देशात हा प्राणी नेमका किती आहे, हे आपल्याला ठाऊक नव्हते. ते कळले, ते प्रामुख्याने रात्रीच्या छायाचित्रांमुळे. ही छायाचित्रे कशी मिळतात, ती काय सांगतात आणि ती घेणाऱ्याने कोणते भान ठेवले पाहिजे, या तीन प्रश्नांचा आज विचार करू.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

रात्रीच्या वन्यजीव छायाचित्रणाचा उगम शिकारीत आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हे पूर्वी शिकारी होते. अंधारात होडीच्या टोकाला दिवा लावून काठावरच्या हरणांना दिपवायचे आणि मग गोळी घालायची, ही तेथील आदिवासींची जुनी रीत. शिरास यांनी होडी आणि दिवा ठेवला. बंदूक मात्र बाजूला सारून तिच्या जागी कॅमेरा आणला. 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रे छापली. अंधारातील वन्यजीवन सामान्य वाचकाने प्रथमच एवढ्या विपुल प्रमाणात पाहिले.

आपल्या देशात हे काम केले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने. शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तो एक बारीक तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की चूर्णाचा झगझगीत प्रकाश पडे आणि कॅमेऱ्याची झडप उघडे. म्हणजे वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढी! १९२५ साली ही छायाचित्रे लंडनच्या वृत्तसाप्ताहिकात झळकली आणि १९२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या काळात वाघाची कातडी दिवाणखान्यात पसरणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते, त्या काळात सरकारी सेवेतील एक अधिकारी वाघाला जिवंत ठेवून त्याची प्रतिमा घरी आणीत होता. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची रचना वेगळी असते, हेही त्याने या छायाचित्रांवरून टिपले. ही नोंद पुढे किती मोलाची ठरली, ते आपण पाहणारच आहोत.

न दिसणारा प्राणी

वाघ निदान पाणवठ्यावर तरी येतो. हिमबिबट्याचे तसे नाही. साधारण तीन ते साडेपाच हजार मीटर उंचीवरचे उघडे खडक हे त्याचे घर. राखाडी-पांढऱ्या अंगावर धूसर कड्यांसारखे ठिपके असल्याने दगडांत तो असा मिसळतो की, समोर बसलेला असूनही दिसत नाही. जवळजवळ अंगाइतकी लांब शेपटी उतारावर त्याचा तोल सावरते आणि झोपताना तीच त्याचे पांघरूण होते. तो डरकाळी फोडत नाही, त्यामुळे आवाजावरूनही माग लागत नाही. लडाखमध्ये त्याला 'शान' म्हणतात.

जॉर्ज शॅलर या विख्यात प्राणिशास्त्रज्ञाला १९७० साली चित्रालच्या पर्वतात त्याचे छायाचित्र मिळाले; ते नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुक्त हिमबिबट्याचे पहिले छायाचित्र म्हणून गाजले. पुढे १९७३ साली शॅलर यांच्यासमवेत पीटर मॅथिसन हे लेखक नेपाळातील डोल्पो प्रदेशात गेले. त्या प्रवासावर त्यांनी हिमबिबट्याचेच नाव दिलेला ग्रंथ लिहिला. तो जगभर वाचला गेला. परंतु संपूर्ण प्रवासात मॅथिसन यांना हिमबिबट्या एकदाही दिसला नाही.

यातून अभ्यासकांनी धडा घेतला : माणसाने तेथे थांबून उपयोग नाही, कॅमेऱ्याला थांबवले पाहिजे. १९८० च्या दशकात रॉडनी जॅक्सन यांनी पश्चिम नेपाळच्या लांगू खोऱ्यात हिमबिबट्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधले आणि प्राण्याच्या हालचालीने आपोआप चालणारे कॅमेरेही वापरले. या तंत्राचा कळस आपल्या लडाखमध्ये झाला. स्टीव्ह विंटर या छायाचित्रकाराने हेमिस राष्ट्रीय उद्यानात १४ कॅमेरे मांडले आणि महिनोन्‌महिने वाट पाहिली. बर्फवृष्टीत चालत येणाऱ्या हिमबिबट्याच्या त्यांच्या रात्रीच्या छायाचित्राला २००८ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट वन्यजीव छायाचित्राचा आंतरराष्ट्रीय सन्मान लाभला.

या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. नागपूरच्या परिसरात वाढलेले प्रसेनजीत यादव यांनी स्पितीतील किब्बर गावाच्या आसपास दीर्घकाळ राहून काढलेली हिमबिबट्याची छायाचित्रे 'नॅशनल जिओग्राफिक'च्या जुलै २०२० च्या अंकात प्रसिद्ध झाली. रेणूंचा अभ्यास करणारा एक तरुण कॅमेरा घेऊन चौदा हजार फुटांवर जातो, ही गोष्ट आपल्या घरातील मुलामुलींना आवर्जून सांगावी अशी आहे.

थंडीचे शास्त्र

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम जागा निवडावी लागते. हिमबिबट्या डोंगराच्या धारेवरून, खिंडीतून, कड्याच्या पायथ्याने ये-जा करतो. वाटेतील पुढे झुकलेल्या खडकावर तो गंध शिंपडतो आणि मागच्या पायांनी माती उकरून खूण करतो. ही त्यांची परस्परांना निरोप देण्याची पद्धत. एकाने ठेवलेला निरोप दुसरा वाचायला येतो. जानेवारी ते मार्च हा त्यांचा मीलनकाळ, त्यामुळे या दिवसांत खुणांची संख्या वाढते. म्हणजे कॅमेरा लावण्यास सर्वांत योग्य काळ तोच, जो माणसाला सर्वांत असह्य.

कॅमेऱ्याजवळ एक संवेदक असतो. समोरून आसमंताहून अधिक उष्ण असे काही सरकले की तो कॅमेऱ्याला जागे करतो. पण हे साधन भोळे आहे. दुपारच्या उन्हाने तापलेला दगड, वाऱ्याने हलणारे झुडूप, वाटेने जाणारा याकांचा कळप या सर्वांना ते सारखेच ओळखते. शेकडो चित्रे तपासावीत तेव्हा त्यांत एखादे हिमबिबट्याचे निघते. म्हणून कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेला किंचित तिरका, उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड न करता बसवतात. प्राणी कोठे पाऊल टाकील याचा अंदाज बांधून भिंग आधीच त्या बिंदूवर स्थिर करतात. प्रकाशासाठी दोन-तीन फ्लॅश बाजूंनी, मंद ठेवून लावतात. प्रकाश समोरून आला तर डोळ्यांच्या मागील पटलावरून तो परततो आणि चित्रात नुसते दोन निखारे उरतात.

त्यानंतर थंडीशी झुंज सुरू होते. गोठणबिंदूच्या खाली बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. घरी आठवडाभर टिकणारी साधी बॅटरी तेथे एका रात्रीत मान टाकते. म्हणून लिथियमच्या बॅटऱ्या वापरतात आणि जादा संच अंगाशी, आतल्या खिशात ठेवतात. उघड्या बोटांनी धातूला स्पर्श केला तर त्वचा चिकटते. म्हणून तिपाईला कापड गुंडाळायचे आणि दोन-दोन हातमोजे घालायचे. श्वासाची वाफ भिंगावर गोठते. सर्वांत मोठा धोका मात्र उबेत आहे. गारठलेला कॅमेरा थेट चुलीजवळ आणला की आतल्या भागावर दव धरते आणि यंत्र निकामी होते. बाहेर असतानाच त्याला हवाबंद पिशवीत घालावे आणि मग घरात आणून सावकाश ऊब घेऊ द्यावी. चित्रफितीच्या काळात तर फीत थंडीने ठिसूळ होऊन तुटत असे आणि ३६ चित्रांनंतर पुन्हा डोंगर चढावा लागे.

शरीराचेही तसेच. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तेथे उतरल्यावर दोन-तीन दिवस स्वस्थ न बसता जो उतावीळपणे वर चढतो, त्याला डोकेदुखी, मळमळ, धाप लागते आणि प्रसंगी जिवावर बेतते. हिमालय घाई करणाऱ्याला क्षमा करीत नाही.

ठिपक्यांचे गणित

आता दुसरा प्रश्न : ही चित्रे काय सांगतात?

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याची परंपरा आहे. ती अनुभव म्हणून अत्यंत रम्य आहे. आज वनविभागही तिला 'निसर्गानुभव' म्हणतो. परंतु गणना म्हणून तिची मर्यादा उघड आहे. एकच वाघ दोन पाणवठ्यांवर गेला, तर तो दोनदा मोजला जातो. ही अडचण सोडवायला चॅम्पियनची नोंद कामी आली. १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघांची छायाचित्रे घेऊन पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखला आणि त्यावरून संख्येचा शास्त्रीय अंदाज बांधला.

त्याचे तत्त्व सोपे आहे. तळ्यातले पन्नास मासे धरून खूण करून सोडले. पुन्हा जाळे टाकले, तेव्हा पन्नासांत दहा खुणेचे निघाले. म्हणजे खुणेच्या माशांचे प्रमाण पाचांत एक. अर्थात तळ्यात सुमारे अडीचशे मासे असावेत. हिमबिबट्याच्या अंगावरचे ठिपके ही निसर्गानेच केलेली खूण आहे. राष्ट्रीय गणनेत, २०१९ ते २०२३ या काळात, १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी मिळून १,८०,००० रात्री पहारा केला. कार्यकर्ते १३,४५० किलोमीटर वाटा पायी तुडवून खुणा शोधत होते. कॅमेऱ्यांत वेगवेगळे असे २४१ हिमबिबटे ओळखले गेले आणि त्यावरून ७१८ हा अंदाज निघाला.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्राणिसंग्रहालयातील १६ हिमबिबट्यांची छायाचित्रे निरीक्षकांना ओळखण्यास दिली होती. प्राण्यांची नेमकी ओळख आधीच माहीत असल्याने चूक पकडणे शक्य होते. निरीक्षकांनी सुमारे साडेबारा टक्के चित्रे चुकीची वर्गीकृत केली आणि त्यामुळे संख्येचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने फुगला. कारण साधे आहे. दाट केसांमुळे अंग वळले की ठिपक्यांचा आकार बदललेला भासतो आणि एकाच प्राण्याचे दोन मानले जातात. म्हणून चित्र नीट मिळणे, दोन्ही कुशींचे मिळणे, ही केवळ कलेची हौस नव्हे. अंधुक चित्रातून फुगलेली संख्या निघते, फुगलेल्या संख्येतून निर्धास्तपणा येतो आणि निर्धास्तपणात प्राणी नष्ट होतो. २०१७ साली आंतरराष्ट्रीय सूचीत या प्राण्याचा दर्जा 'संकटग्रस्त'वरून एक पायरी खाली, 'असुरक्षित' असा करण्यात आला, तेव्हा अनेक अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला होता की, पुरेशी मोजणी झाल्याविना निष्कर्ष काढू नये.

मेंढवाड्यातील रात्र

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. आपल्या दृष्टीने हिमबिबट्या हे एक सुंदर चित्र आहे. रुंबकच्या किंवा किब्बरच्या मेंढपाळाच्या दृष्टीने तो काय आहे? हिवाळ्याच्या रात्री हा प्राणी छत नसलेल्या वाड्यात उतरला, तर भेदरलेल्या मेंढ्या सैरावैरा धावतात आणि एका रात्रीत डझनावारी मेंढ्या मरून पडतात. कुटुंबाची वर्षाची पुंजी सकाळी रक्ताच्या थारोळ्यात दिसते. त्या माणसाने सूडाने हिमबिबट्या मारला, तर त्याला दुष्ट म्हणण्याचा अधिकार पुण्या-मुंबईच्या उबदार घरात बसलेल्या आपल्याला आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर डोंगरातल्या माणसांबरोबर बसून शोधले गेले. लडाखचे सुपुत्र रिंचेन वांगचुक यांनी रॉडनी जॅक्सन यांच्या सहकार्याने दोन साधे उपाय केले. पहिला, मेंढवाड्यांना जाळीचे छत आणि भक्कम दार. दुसरा, गावातल्या घरांत पाहुण्यांची सोय. २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या या उपक्रमात घरातील स्त्रियाच व्यवस्था पाहतात. पाहुणे पाळीपाळीने प्रत्येक घरी उतरतात आणि उत्पन्नाचा काही भाग गावाच्या निसर्गरक्षणासाठी बाजूला ठेवला जातो. ज्या प्राण्यामुळे घर बुडत होते, त्याच्यामुळेच घरात चार पैसे येऊ लागले. रिंचेन वांगचुक २०११ साली अकाली गेले. काम मात्र थांबले नाही.

स्पितीत डॉ. चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किब्बरच्या ग्रामस्थांशी बोलून काही कुरणे चराईमुक्त ठेवली. तेथे भरल या रानमेंढ्या वाढल्या. हिमबिबट्याला त्याचे नैसर्गिक भक्ष्य परत मिळाले. शिवाय गावकऱ्यांनी स्वतः चालवलेली पशुधन विमा योजना उभी राहिली. डॉ. मिश्रा यांना या कामासाठी २००५ आणि २०२२ अशी दोनदा व्हिटली पारितोषिके मिळाली. आज किब्बरच्या स्त्रिया स्वतः बर्फातून चढून कॅमेरे बसवतात आणि संगणकावर चित्रांची छाननी करतात.

लडाखच्या चुशूल गावात तर एक हृद्य घटना घडली. तेथे लांडग्यांना पकडण्यासाठी दगडी सापळे, म्हणजे उलट्या उतरत्या भिंतींचे खड्डे, पूर्वापार होते. २०१७ साली ग्रामस्थांनी अभ्यासकांशी आणि धर्मगुरूंशी चर्चा करून भिंतीचा थोडा भाग काढला, जेणेकरून आत पडलेला प्राणी बाहेर पडू शकेल. आणि सापळ्याजवळ स्तूप उभारला. वाडवडिलांची वास्तू पाडली नाही, तिच्यातली हिंसा तेवढी काढून घेतली. कायद्याने जे भीतीपोटी झाले असते, ते श्रद्धेने मनापासून झाले.

छायाचित्रकाराची मर्यादा

तिसरा प्रश्न भानाचा. किब्बरमध्ये हिवाळ्यात आता हौशी छायाचित्रकारांची रीघ लागते. एका कड्यावर हिमबिबट्या दिसल्याचे कळताच पन्नास दुर्बिणी आणि भिंगे रोखली जातात. त्याने भक्ष्य मारले असेल, तर गर्दीमुळे ते टाकून त्याला पळावे लागते. त्या थंडीत एक शिकार वाया जाणे म्हणजे काय, हे उपाशी प्राणीच जाणे. पर्यटकांच्या उष्ट्यावर पोसलेली भटकी कुत्री लडाख आणि स्पितीत हिमबिबट्यांना आणि रानमेंढ्यांना त्रास देत आहेत, तेही आपल्याच बेफिकिरीचे फळ.

फ्लॅशचाही विचार हवा. पांढऱ्या प्रकाशाच्या कॅमेऱ्यांची जागा वाघ टाळू लागल्याचे नेपाळमधील बर्दिया येथील अभ्यासात दिसले होते. म्हणून गणनेसाठी अदृश्य अवरक्त प्रकाश वापरणे आणि कलात्मक चित्रासाठी पांढरा प्रकाश मोजकाच ठेवणे श्रेयस्कर. आमिष बांधू नये, गुहेतल्या पिल्लांजवळ जाऊ नये आणि नेमकी जागा जाहीर करू नये. जे स्थळ आपल्या मित्रांना कळते, ते चोरट्या शिकाऱ्यालाही कळते.

आणखी एक गोष्ट, जी फार थोडे लोक बोलतात. जंगलातला कॅमेरा माणसांनाही टिपतो. कॉर्बेटच्या परिसरातील एक अध्ययन २०२४ साली प्रसिद्ध झाले. लाकूडफाटा आणि गवत आणायला जंगलात जाणाऱ्या स्त्रिया या कॅमेऱ्यांमुळे संकोचतात, गाणी म्हणणे बंद करतात, कॅमेरे टाळण्यासाठी अनोळखी भागात शिरतात. एका स्त्रीचे अत्यंत खाजगी क्षणाचे चित्र गावात फिरवले गेल्याचेही त्यात नोंदले आहे. वास्तविक स्त्रियांचे गाणे आणि बोलणे हे वाघाला दूर ठेवण्याचे साधन. ते थांबले म्हणजे लाजेबरोबर जिवाचाही धोका आला. प्राण्याच्या रक्षणासाठी लावलेल्या डोळ्याने गावच्या लेकीसुनांची मान खाली जावी, हे कोणत्याही रक्षणकार्याला शोभणारे नाही. कॅमेरा कोठे लावला हे गावाला सांगणे आणि माणसांची चित्रे तत्काळ पुसणे, हा नियम काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे.

हा प्रश्न दूरच्या हिमालयाचा आहे असेही समजू नका. २०१६ साली नयन खानोलकर यांच्या ज्या छायाचित्राला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्यात मुंबईच्या आरे वसाहतीतील वारली पाड्याच्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या आहे. त्या पाड्यातील लोक त्याच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. जे शहाणपण किब्बरला लागते, तेच जुन्नरच्या उसाच्या फडातही लागते.

मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येक जण लडाखला जाऊन कडाक्याच्या थंडीत कॅमेरा लावणार नाही. त्याची आवश्यकताही नाही. परंतु जे जातील त्यांनी गावातल्या घरी उतरावे, गावचा वाटाड्या घ्यावा, आपला कचरा परत आणावा. जे जाणार नाहीत त्यांनी असे चित्र पाहताना एवढे आठवावे की, त्या अंधारात कॅमेऱ्याच्या पलीकडे एक मेंढवाडा आहे, त्यात एका कुटुंबाचे सर्वस्व आहे, आणि त्या कुटुंबाने मन मोठे केले म्हणून हा प्राणी आपल्याला दिसतो आहे. निसर्गरक्षणाचा खरा भार ते उचलतात. त्यांच्या खांद्याला खांदा लावणे हे आपले कर्तव्य आहे.